तिसऱ्या खोलीतला पाहुणा

१

सोमवारी सकाळी सव्वादहाला दादांचा फोन आला आणि अकरा हजार डोळे नाहीसे झाल्याचं मला कळलं.

दादा म्हणजे माझे थोरले दीर. त्यांची कृत्रिम डोळ्यांची कार्यशाळा आहे. ज्याचा एक डोळा गेला, त्याच्या दुसऱ्या डोळ्याचे फोटो काढायचे, रिकाम्या खोबणीचं माप घ्यायचं आणि कोणाला ओळखू येणार नाही असा डोळा घडवून द्यायचा, असा हा धंदा. सगळे फोटो आणि मापं एका यंत्रात साठवलेली असतात. ते यंत्र माझ्या नवऱ्यानं उभं केलं होतं.

नवरा चार महिन्यांपूर्वी गेला. हृदय. चहाचा कप टेबलावर ठेवला आणि गेला. तेव्हापासून मला कशाचंच काही वाटत नाही. डॉक्टर म्हणतात, हळूहळू वाटू लागेल. मी काही वाट बघत बसलेले नाही. दवाखान्यातली बंद पडलेली यंत्रं दुरुस्त करणं हे माझं काम आहे, ते मी वेळेवर करते आणि घरी येऊन पंखा लावून बसते.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी कार्यशाळेत पोचले, तर दादा दारातच उभे. त्यांचा आवाज मुळातच मोठा, त्यात चिडलेले.

"काकांनी घात केला," ते म्हणाले. "परवा त्यांना त्या नव्या कार्यशाळेच्या माणसाशी बोलताना पाहिलं मी. आपले डोळे तिकडे नेले आणि इथलं यंत्र मारून टाकलं. सकाळी मी आलो तर यांचा हात यंत्रावर होता. रंगेहाथ."

काका म्हणजे आमचे रंगारी. बुबुळं रंगवतात. तीस वर्षं तेच करतायत. माझ्या नवऱ्याला लहानपणी मांडीवर बसवून ब्रश धरायला त्यांनीच शिकवलं होतं.

"चार वाजता मी तक्रार द्यायला चाललोय," दादा म्हणाले. "आणि काकांना आजच घरी पाठवणार. तोवर तुला काही कळलं तर बघ. पण पेटीचा एक पेच उघडायचा नाही. पुरावा आहे तो."

मी आत डोकावले. काका आपल्या टेबलाशी मान खाली घालून बसले होते. साठी उलटलेला माणूस, या वयात दुसरीकडे कोण उभं करणार? आणि चोर म्हणून बाहेर पडल्यावर तर कोणीच नाही.

"काका, काय झालं?" मी विचारलं.

"मी फक्त बटण दाबलं," ते म्हणाले. मग दाराकडे बघत पुढे म्हणाले, "आणि सूनबाई, यापेक्षा जास्त मला विचारू नका."

२

ते यंत्र साच्यांच्या कपाटामागे, जमिनीवर एका लाकडी पाटावर असतं. कमरेएवढी काळी पेटी. तिला स्वतःचा पडदा नाही. दादांच्या टेबलावरच्या संगणकातून तिच्याशी बोलायचं.

त्या एका पेटीत दोघं राहतात. पेटी चालवतो तो यजमान. त्याच्या घरात आणखी एक संगणक राहतो, हाडामांसाचा नाही, नुसता सॉफ्टवेअरचा, तो पाहुणा. डोळे सांभाळायचं काम पाहुण्याचं. डोळ्यांच्या सहाही डिस्क एका कार्डाला जोडलेल्या आहेत, आणि ते कार्ड यजमान स्वतः वापरत नाही, थेट पाहुण्याच्या हवाली करून टाकतो. याला इंग्रजीत लांबलचक नावं आहेत. माझ्या नवऱ्यानं ती सगळी टाळली, कारण घरात इंग्रजी दिसलं की दादा वही मिटत. म्हणून त्यानं पेटीवरच्या फळीवर एक वही ठेवली होती, साध्या मराठीत लिहिलेली. यजमान, पाहुणा, खोली, दार. रोज जेवताना मी हे शब्द ऐकायचे. आमटीत मीठ कमी आहे हे त्याला कळायचं नाही, पण पाहुण्याला झोप नीट लागली का याची काळजी असायची.

वही मी उघडली. त्याचं अक्षर बघून मला काही वाटलं नाही. मी वाचत गेले.

'यजमान उठल्यावर दोन मिनिटांनी पाहुणा आपोआप उठतो. घाई करू नये.'

'डिस्कचं कार्ड खोली नं. ३ मध्ये. पाहुण्याला ३ नंबर द्यावा.'

'कार्डाची बडबड बंद ठेवावी, नाहीतर पाहुणा उठायच्या ऐवजी ऐकत बसतो.'

'पेटीत नवीन काही बसवले तर यजमानाला विचारून मगच पाहुण्याला उठवावे.'

"एकदा चालू करून दाखवा," मी दादांना म्हटलं.

त्यांनी बटण दाबलं. पंखे घरघरले. मी टेबलाशी जाऊन बसले आणि घड्याळ समोर ठेवलं. थोड्या वेळानं पडद्यावर यजमानाचं पान उघडलं, अगदी धडधाकट. दादा माझ्या खांद्यावरून बघत होते. "हे सकाळपासून असंच करतंय," ते म्हणाले. "जरा जीव धरतं आणि मरतं."

बरोबर दोन मिनिटांनी पान गोठलं.

मी उठून पेटीमागे गेले. दादांच्या मते पेटी मेली होती. पण पंखे फिरत होते, डिस्कचे दिवे लागलेले होते. फक्त जिथे बाहेरच्या जगाची तार पेटीत शिरते, तिथला हिरवा ठिपका विझला होता. म्हणजे आतला माणूस जिवंत होता आणि त्याचं पुढचं दार कोणीतरी उचलून नेलं होतं.

३

चौकशीला माणसं तीनच. दवाखान्यात मी यंत्रांना प्रश्न विचारते, ती निदान मधे बोलत नाहीत.

दादांना विचारलं, "काल, रविवारी, खाली कोण आलं होतं?"

"कोण येणार? कुलूप होतं. किल्ली काकांकडे एक, आमच्याकडे वर घरात एक. मी दिवसभर घरीच होतो. पेपर वाचला, जेवलो, पेपर वाचत झोपलो."

"आणि शनिवारी रात्री बंद करताना यंत्र ठीक होतं?"

"ठणठणीत. फक्त मापं घेणारा तो नवा स्कॅनर रखडत होता. त्याचं मी सांगून ठेवलंय दुकानदाराला." मग आवाज वाढवून म्हणाले, "माझी काय उलटतपासणी घेतेस? त्यांची घे."

जाऊबाई मागच्या खोलीत डोळ्यांना पॉलिश करत होत्या. लग्नाआधी त्या रेडिओच्या कारखान्यात तारा जोडायच्या; हात इतका सफाईदार की मुकादम त्यांचं काम नमुना म्हणून दाखवायचा. हे मला नवऱ्यानं सांगितलेलं. खुद्द त्यांनी स्वतःबद्दल कधी एक वाक्य पुरं केलेलं मी ऐकलेलं नाही. निम्म्यावर आलं की दादा ते पुरं करतात, आणि बहुतेक वेळा भलतंच.

"जाऊबाई, काल तुम्ही खाली आला होतात?"

"मी... म्हणजे काल दुपारी जरा..." त्यांचे हात थांबले. बाहेर दादा कोणावर तरी फोनवर ओरडत होते. "काही नाही. काका कसे आहेत? जेवले का ते?"

"तुम्हीच विचारा ना."

"मी कुठल्या तोंडानं..." असं म्हणून त्या पुन्हा पॉलिश करू लागल्या.

मी काकांकडे गेले. त्यांच्यासमोर एका बाईंचा अर्धवट डोळा होता, पिंगट. फोटो नसल्यामुळे नुसत्या आठवणीवर चालला होता. त्यांची बोटं नेहमीसारखी रंगलेली. हा माणूस पाण्याचा पेला घेतो त्यावरही तपकिरी अंगठा उमटतो, त्यावरून त्याची थट्टा आम्ही वर्षानुवर्षं केली आहे. ते रंग कालवत होते. कालवायला नेहमीची काडी नव्हती. हातात पत्र्याची एक अरुंद पट्टी होती, एका टोकाला काटकोनात वाकवलेली.

ती पट्टी मी ओळखली. अशा पेट्यांच्या पाठीला कार्ड बसवायच्या फटी असतात, आणि रिकाम्या फटीवर अशी पट्टी पेचानं बसवलेली असते. पेटी उघडून तिथे नवीन काही बसवल्याशिवाय ती बाहेर येत नाही.

"ही कुठून आली, काका?"

"सापडली."

"कुठे?"

"सापडली म्हणजे सापडली." त्यांनी ती फडक्यात गुंडाळली आणि खिशात टाकली.

माझ्यामागे दादा येऊन उभे होते, ते मला कळलंच नाही.

"काढा ती बाहेर," दादा म्हणाले. "बघितलंस ना, धाकटे? पेटी उघडली त्यांनी. आता चार तरी कशाला वाजायला हवेत?"

४

"चार वाजू द्या," मी म्हटलं. "तुम्हीच वेळ दिली होती."

माझा आवाज अजिबात चढला नाही. आता चढतच नाही. दादांना बहुधा त्याचीच सवय नसावी, ते बाजूला झाले. मी पुन्हा पेटीमागे गेले आणि यावेळी हात मागे बांधून नुसतं बघितलं.

बटणावर तपकिरी अंगठा होता, ठसठशीत. पेटीच्या झाकणावर मात्र काही नव्हतं, पेचांवर नव्हतं, मागच्या तारांवरही नव्हतं. काकांनी पेटी उघडली असती तर ती होळी खेळल्यासारखी दिसली असती. मागे नव्या स्कॅनरची तार एका फटीत गेलेली होती, आणि ती फट पूर्वी रिकामी असायची. ती तार बाकीच्या तारांना मेणाच्या दोऱ्यानं बांधलेली होती. बोटभर अंतरावर एकेक गाठ, सगळ्या एकाच बाजूला वळलेल्या. अशी गाठ आता कोणी मारत नाही, प्लास्टिकची पट्टी आवळून मोकळे होतात. ती शिकावी लागते, आणि ती कुठे शिकवत असत हेही मला माहीत होतं.

कोणी केलं ते मला तिथेच कळलं. पण ते तेवढंच बोलून दाखवणं म्हणजे एकाची मान सोडवून दुसऱ्याची अडकवणं. आधी डोळे मिळायला हवे होते. मिळाले तर चोरीच झाली नाही, आणि मग तक्रार कसली?

"आणखी एकदा चालू करा," मी म्हटलं. "पेच नाही उघडणार."

तीन वाजून दहा मिनिटं. यजमानाचं पान आलं. माझ्याकडे दोनच मिनिटं होती. पाहुण्यानं आपोआप उठावं अशी जी खूण होती ती मी शोधली आणि काढून टाकली. मग हात मांडीवर ठेवून बसले. दोन मिनिटं झाली. तीन झाली. पान जिवंत राहिलं.

म्हणजे घरातला दिवा पाहुणाच विझवत होता. आता यजमानाला विचारायचं, तुझ्या घरात कोणत्या खोलीत कोण आहे? ती यादी मागायची एक आज्ञा असते, एका ओळीची. मी ती दिली. यादी आली.

दुसऱ्या खोलीत एक अनोळखी, स्कॅनरसाठीचं नवं कार्ड. तिसऱ्या खोलीत बाहेरच्या तारेचं कार्ड, म्हणजे घराचं पुढचं दार. डिस्कचं कार्ड चौथ्या खोलीत.

रांगेत मधे एक माणूस घुसला की मागच्या सगळ्यांचे नंबर पुढे सरकतात. पेटीतही तेच झालं होतं. पूर्वी दार दुसऱ्या खोलीत होतं आणि डिस्क तिसऱ्या. नवं कार्ड दुसऱ्यात शिरलं, दार तिसऱ्यात ढकललं गेलं. पण पाहुण्याच्या चिठ्ठीवर अजून तीनच आकडा होता. तो बिचारा दर वेळी उठायचा, तिसऱ्या खोलीतलं सामान मागायचा, आणि यजमान काही न विचारता आपलं पुढचं दार काढून त्याच्या हातात द्यायचा. मग यजमान आत कोंडलेला आणि पाहुणा दार घेऊन बसलेला, त्याच्याकडे डोळे नाहीत ते नाहीतच.

मी तीन नंबर काढून चार दिला आणि पाहुण्याला उठवलं.

पडदा काळा झाला. वर एक ओळ आली, कार्ड बनवणाऱ्यांचं नाव आणि काहीतरी आकडे. मग काहीच नाही. पाच मिनिटं नाही, दहा मिनिटं नाही. तीन वाजून पस्तीस झाले होते. दादांनी टेबलावरून तक्रारीचा कागद उचलला आणि चष्मा लावला.

५

कार्डाला स्वतःची थोडी अक्कल असते. पेटी सुरू होताना ते पुढे होऊन आपली ओळख करून देतं, माझ्याकडे अमुक डिस्क आहेत, तमुक आहेत. खऱ्या संगणकाला ते चालतं. पाहुणा मात्र त्यातच अडकतो. माझ्या नवऱ्यानं ती ओळख बंद करून ठेवली होती. मी जुनी नोंद काढून नवी केली तेव्हा ती पुन्हा आपोआप चालू झाली होती. वहीत लिहिलेलं होतंच. मी ती बडबड बंद केली आणि पाहुण्याला परत हाक मारली.

यावेळी तो उठला. सहा डिस्क मोजल्या, सहाही भरल्या. पडद्यावर डोळ्यांची यादी आली. अकरा हजार दोनशे चौदा.

"एकही गेलेला नाही," मी म्हटलं. "सगळ्यांना बोलवा."

काका येऊन स्टुलावर बसले. जाऊबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या, हाताला पॉलिश तसंच. मी खोल्यांचा घोळ सांगितला. दादांनी लक्ष देऊन ऐकलं आणि ते म्हणाले, "म्हणजे नवं कार्ड बसवल्यानं हे झालं. आणि पट्टी यांच्या खिशात. मी सकाळपासून दुसरं काय सांगतोय?"

"काकांनी बटण दाबलं, त्यावर त्यांचा अंगठा आहे. झाकणावर नाही, तारांवर नाही. कार्ड त्यांनी बसवलेलं नाही."

"मग कोणी?"

गाठी कोणाच्या ते सांगायचं की नाही ते मला ठरवता येत नव्हतं.

"मी," जाऊबाई म्हणाल्या.

दादा त्यांच्याकडे वळले. "तू काय? तुला काय कळतं त्यात? तू उगाच कोणाला वाचवायला..."

"मी बसवलं. काल दुपारी." त्या निम्म्यावर थांबल्या नाहीत. "दुकानदारानं शनिवारी कार्ड पाठवलं होतं. स्कॅनर रखडतो म्हणून तुम्ही रोज चिडता. भाऊजी करायचे ते मी बघितलेलं होतं. वही वाचली आणि वहीत लिहिलंय तसंच केलं. यजमानाला विचारून, असं लिहिलंय. मी विचारलं."

"कोणाला विचारलंस?"

"तुम्हाला. दुसरा कोण यजमान आहे मला?" त्या म्हणाल्या. "तुम्ही पेपर वाचत होतात. म्हटलं, खालच्या पेटीत नवं कार्ड बसवू का? तुम्ही हं म्हणालात."

माझ्या नवऱ्यानं घरच्यांना कळावं म्हणून घरचे शब्द वापरले होते. घरात यजमान म्हणजे नवरा. चार महिन्यांपूर्वी हे ऐकलं असतं तर मी पोट धरून हसले असते, आणि त्यानं डोक्याला हात लावला असता.

"सकाळी यंत्र बंद दिसलं तेव्हाच मला कळलं होतं," जाऊबाई काकांना म्हणाल्या. "हे तुमच्यावर ओरडायला लागले आणि मी गप्प बसले. दिवसभर गप्प बसले. मला तोंड दाखवायला जागा नाही, काका."

"मलाही कळलं होतं," काका म्हणाले. "पट्टी केराच्या डब्यात पडली होती. तारांच्या गाठी बघितल्या. म्हणून पट्टी उचलून ठेवली."

"मग सांगितलं का नाही?" दादा म्हणाले. "मी तुम्हाला चोर म्हणत होतो."

"तुमचा आवाज ऐकत होतो मी. तो माझ्यावरून उठून त्यांच्यावर गेला असता. मी संध्याकाळी माझ्या घरी गेलो असतो. त्यांना इथेच राहायचंय."

"आणि त्या नव्या कार्यशाळेवाल्याशी काय बोलत होतात?"

"तो बोलावतोय दोन वर्षं. मी नाही म्हणत होतो."

दादांच्या हातातला कागद खाली आला. ते खिडकीकडे गेले, परत आले. माझा दीर वाईट माणूस नाही. त्याला बोलता येत नाही, फक्त ओरडता येतं. शेवटी ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "धाकटे, काकांना सांग, झालं गेलं विसरा म्हणावं. कामावर राहा म्हणावं. आणि हिलाही सांग, की... सांग तू काहीतरी."

दोघंही चार हातांवर होती. ऐकू जात होतं त्यांना.

या घरात हे काम माझ्या नवऱ्याचं होतं. दादांना बायकोला काही सांगायचं असलं, काकांची माफी मागायची असली, अगदी मला बरं केलंस म्हणायचं असलं, तरी ते त्याला सांगत. तो ते नीटनेटकं करून, त्यातला राग काढून, पोचवत असे. दादांचा हात सवयीनं त्याच्या जागेकडे गेला होता आणि तिथे मी उभी होते.

"नाही सांगणार," मी म्हटलं. "ते गेलेत, दादा. तुमचं तुम्ही बोला."

दादा काकांकडे वळून, त्यांच्या चपलांकडे बघत म्हणाले, "चुकलं माझं. जाऊ नका." आणि वळले, जाऊबाईंकडे. "मी हं म्हणालो होतो. आठवतंय मला."

काकांनी फडक्याला हात पुसले. त्यांना हवं असतं तर ते त्या क्षणी उठून गेले असते आणि कोणी त्यांना नावं ठेवली नसती.

"त्या बाईंचा फोटो लावा पडद्यावर," शेवटी ते म्हणाले. "पिंगट आहे एवढंच आठवत होतं. कडेला हिरवी रेघ आहे का बघायचंय."

जाऊबाईंनी फोटो लावला. रेघ होती. तिघंही पडद्याशी वाकून ती बघू लागली आणि दादा काहीतरी विचारू लागले, हळू आवाजात.

मी मागच्या मोरीत जाऊन नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडले. माझा नवरा मेला होता. मला ते त्या सोमवारी दुपारी, पावणेचारला कळलं.